हाऽ करा

आपल्या तोंडाला वास येतो आहे का, हे आपलं आपल्याला कळणं कठीण. तोंडापुढे तळहात धरून फुंकर मारायची आणि पटकन हुंगायचं, ही माझी पद्धत. माझ्या पत्नीला ती मुळीच मान्य नव्हती. "हाताला साबणाचाच वास येणार," ती म्हणायची. "इकडे बघा. हाऽ करा."

ही परीक्षा प्रथम झाली ती शहराला लागून असलेल्या छाणी गावातल्या एका गल्लीच्या तोंडाशी. तेव्हा आमच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. केबल टीव्ही नुकताच घरोघरी आला होता आणि टूथपेस्टच्या जाहिरातींत हसरी माणसं एकमेकांच्या तोंडावर खुशाल फुंकर मारत. आम्ही शहरात, दांडिया बाजारात एका खोलीत राहत होतो. खोली इतकी लहान, की माझी पुस्तकं पलंगाखाली आणि तिची शिवणयंत्राची पेटी पलंगावर. माझ्या ग्रंथालयातल्या एका गुजराती सहकाऱ्याने छाणीत एका जैन आजींचा, म्हणजे सगळ्यांच्या बांचा, वरचा मजला रिकामा असल्याचं सांगितलं. दोन खोल्या, गॅलरी आणि पुस्तकांना भिंतभर जागा. फक्त घर देण्याआधी बा माणसं बघणार होत्या. वेळ रविवारी संध्याकाळची ठरली.

म्हणून रविवारी सकाळी आम्ही निर्धास्तपणे खंडेराव मार्केटमध्ये भाजी घेतली आणि बाहेर गाडीवर सेवउसळ खाल्ली. थंडीचे दिवस होते. वर हिरवा लसूण, पातीचा कांदा आणि लसणाची तरी. तिने तरी दुसऱ्यांदा मागून घेतली. हात पुसतो आहोत तोच सहकारी समोर उभा. "सारुं थयुं, मळ्या! बरं झालं भेटलात. बा दुपारीच मुलीकडे सुरतेला निघणार. आत्ताच चला."

स्कूटरवर तिने मागून माझ्या तोंडात वेलदोडा कोंबला. मग पिशवीतली कोथिंबीर. मग अर्धा पेरू. गल्लीशी उतरलो आणि ती म्हणाली, "हाऽ करा."

मी केलं. ती दोन पावलं मागे सरली. "अरे देवा! आता माझं बघा."

मी वाकून हुंगलं. "काही नाही."

"खरंच?"

"काहीच नाही."

"तुमचं काय खरं! परवा दूध करपलं तेव्हा शेजारच्यांनी येऊन सांगितलं तुम्हाला." हे खरंच होतं. लहानपणापासून माझं नाक सर्दीने चोंदलेलं. मी खतकारखान्याशेजारच्या बाजव्यात वाढलो, म्हणून सासरे त्याचा दोष तिथल्या हवेला देत.

शेवटी ठरलं की तोंडच उघडायचं नाही. बा झोपाळ्यावर बसल्या होत्या. पाणी आलं, घर दाखवून झालं. किती माणसं? तिने दोन बोटं दाखवली. नोकरी? मी मान हलवली. पाहुणे फार येतात? दोघांनी मिळून माना हलवल्या. त्या भिंतभर जागेकडे मी एकदा पाहिलं आणि श्वास आणखी घट्ट धरला.

"कांदा-लसूण खाओ छो?" बांनी विचारलं.

याला मान कशी हलवायची? 'नाही' म्हटलं तर खोटं, 'हो' म्हटलं तर घर गेलं. मी तिच्याकडे पाहिलं. तिने पदर तोंडाला लावला आणि आतून म्हणाली, "हो बा. खातो."

बा झोपाळा थांबवून हसायलाच लागल्या. "ए तो तमे उंबरो ओळंग्यो त्यारनी खबर छे! उंबरा ओलांडलात तेव्हाच कळलं. अरे भाई, श्वास तो लो, चेहरा लालभडक झालाय." मग थोड्या गुजरातीत, थोड्या मोडक्या मराठीत त्यांनी सांगितलं, की आधीचे भाडेकरू नाही-नाही म्हणायचे आणि रोज जिन्यातून फोडणीचा वास यायचा. "तुम्ही सांगून खा. आमच्या पर्युषणाच्या उपासांत मात्र बिलकुल नाही. आणि मार्केटच्या त्या गाडीवाल्याची तरी अजून तितकीच तिखट आहे का?"

आम्ही दोघंही बघतच राहिलो. "परणी ए पहेलां," लग्नाआधीची गोष्ट आहे, असं म्हणून त्यांनी झोपाळ्याला पुन्हा पाय लावला.

त्या घरात आम्ही संसार केला. बा गेल्या, त्यांच्या मुलांनी आम्हाला तसंच राहू दिलं. बाहेर निघताना जिन्याच्या वरच्या पायरीवर तिचं "हाऽ करा" कधी चुकलं नाही. लग्नाला जायचं असो की गिरणीत दळण टाकायला. मग ती स्वतःचं विचारायची आणि मी "काही नाही" म्हणायचो. एकदा न राहवून मी म्हटलं, "अगं, माझं नाक माहीत असून मला काय विचारतेस?"

"वास कुठे विचारतेय?" चपला घालता घालता ती म्हणाली. "तुमच्या तोंडून 'काही नाही' ऐकलं, की निघायला बरं वाटतं."

तिला जाऊन आता एक दिवाळी झाली. मी पुन्हा तळहातावर आलो आहे. वरच्या पायरीवर उभा राहतो, फुंकर मारतो, हुंगतो. साबणाचासुद्धा वास येत नाही. तिच्या डबीतली बडीशेप तोंडात टाकतो, "काही नाही" असं जरा मोठ्याने म्हणतो आणि जिना उतरतो.