सांतत्याचा तास

आमच्या चाकणच्या कंपनीत कुठलीही गोष्ट थांबलेली चालत नाही. वीज गेली की जनरेटर लगेच धडधडायला लागतो. कॉम्प्युटरांना बॅटऱ्या आहेत आणि त्या बॅटऱ्या दमल्या तर आणखी बॅटऱ्या आहेत. आम्ही गाड्यांचं वायरिंग बनवतो. आमचा माल वेळेत पोचला नाही तर पलीकडे गाड्यांची लाइन बंद पडते, म्हणून ट्रक चौकात अडकला तर टेम्पो पाठवतात. टेम्पोही अडकला तर सुपरवायझर स्वतःच्या गाडीच्या डिकीत खोकी कोंबून गल्लीबोळातून निघतो. असा सुपरवायझर परत आला की त्याची पाठ थोपटतात, फोटो काढतात आणि तो नोटीस बोर्डावर लावतात.

मध्येच थांबवायची मुभा आहे ती फक्त माणसांच्या बाबतीत. या थांबवण्याला आमच्या पट्ट्यात ‘ब्रेक’ म्हणतात. जो पर्मनंट नाही त्याला काही महिने राबवायचं, मग थोडे दिवस घरी बसवायचं आणि पुन्हा नवा म्हणून घ्यायचं. माणूस तोच, मशीन तेच, डबा ठेवायचा कप्पाही तोच, पण कागदावर तो कालच जन्माला आलेला असतो. जुना होऊ दिला तर उद्या हक्क मागेल ना! भोसरीपासून चाकणपर्यंत हे सगळ्यांना इतकं अंगवळणी पडलंय की लोक एकमेकांना ‘काय भावा, ब्रेकवर का?’ असं ‘जेवलास का?’ च्या चालीवर विचारतात.

मला मात्र ते अंगवळणी पडलं नाही. राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असतो असं घरचे म्हणतात, आणि खरं आहे ते. मी मेकॅनिकल इंजिनिअर, ट्रेनिंग विभाग माझ्याकडे. सकाळी पिंपळे सौदागरहून कंपनीच्या बसमध्ये बसते ती कशावर तरी चिडलेलीच असते, असं बसचा ड्रायव्हरसुद्धा सांगेल. पण ज्या गोष्टीवर मी गेली काही वर्षं सगळ्यात जास्त चिडले आहे, ती गोष्ट माझ्याच विभागात, माझ्या शेजारच्या टेबलावर घडते.

त्या टेबलावर माझी इन्स्ट्रक्टर बसते. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा झालेली, तिशीची, जवळच्याच गावची. ज्या शिवारात आज आमची औद्योगिक वसाहत उभी आहे त्याच शिवारातलं तिचं माहेर. बोलायला फटकळ, हसायला मोठ्याने, आणि शिकवायला बसली की समोरची पोरं मोबाइल विसरतात. कंपनीत येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला पहिल्या दिवसाचं सेफ्टी ट्रेनिंग तीच देते. आणि ती पर्मनंट नाही.

याचा अर्थ काय होतो ते नीट ऐका. ब्रेक संपवून ती परत येते तेव्हा तीही ‘नवीन’ असते. नवीन माणसाने सेफ्टी ट्रेनिंग घेतल्याशिवाय शॉपमध्ये, म्हणजे मशीनांच्या शेडमध्ये, पाऊल टाकायचं नाही, असा कडक नियम आहे. ते ट्रेनिंग देणारी तीच. मग ती फळ्याजवळ उभी राहून शिकवते, हजेरीच्या कागदावर शिकवणारी म्हणून सही करते, आणि खाली शिकणाऱ्यांच्या रांगेत पुन्हा सही करते. शेवटी छोटी परीक्षा असते. ती स्वतःच काढलेला पेपर स्वतःच सोडवते, स्वतःच तपासते आणि स्वतःला पास करते. मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला वाटलं कुणीतरी चेष्टा करतंय. ऑडिटला आलेल्या साहेबांनी तो कागद पाहिला आणि ‘रेकॉर्ड व्यवस्थित आहे’ म्हणून पुढे गेले.

“मॅडम, एकदा मला दोन मार्क कमी द्यावं वाटलं,” ती म्हणाली होती. “म्हनलं, लई शहानी झालीय ही बया.”

ती हसत होती. मला हसू येत नव्हतं.

सांतत्याचा तास आमच्याकडे सुरू झाला तोही तिच्यामुळेच. एकदा दुपारी डबा खाताना ती म्हणाली, “डिप्लोमाला गणिताच्या सरांनी सांतत्य, म्हंजी कंटिन्युइटी, शिकवलं, वाहत्या पान्याचं शिकवणाऱ्या सरांनी येगळंच सांतत्य शिकवलं, आनि प्रॅक्टिकलला वायरीला मीटरची पिन लावून पी पी वाजवली तर म्हनले ह्ये पन सांतत्य. मी इचारलं, सर, ह्ये एकच हाय का? तर म्हनले, आपल्या शिलॅबसला न्हाई ते.”

माझा चमचा हातातच राहिला. कारण मलाही कॉलेजात हेच उत्तर मिळालं होतं. एकाच इमारतीत, एकाच जिन्यावर सगळे विभाग, पण गणितवाला पाण्याबद्दल बोलणार नाही आणि पाणीवाला विजेकडे बघणार नाही. प्रत्येकाने आपापल्या दाराला कडी लावून ठेवलेली. या तोडातोडीतच आपण इंजिनिअर घडवतो आणि मग म्हणतो, पोरांना समग्र विचार करता येत नाही. कसा येईल? डोकं तुकड्यातुकड्याने घडवायचं आणि मग ते सलग नाही म्हणून ओरडायचं!

तर आम्ही दोघींनी मिळून एक तास बसवला. गणितापासून सुरुवात. पेन न उचलता रेघ ओढता आली तर ती सलग, असं शाळेत सांगतात. आम्ही जरा पुढे न्यायचो. जरासं सरकलं तर जरासाच बदल व्हावा, अचानक खड्डा लागू नये, हा त्यातला खरा मुद्दा. मग पाणी. नळीत जेवढं पाणी शिरतं तेवढंच बाहेर पडतं, म्हणून तोंड दाबलं की धार जोरात उडते. मग स्लॅब. स्लॅब टाकायला घेतला की मध्ये थांबत नाहीत, माणसं आळीपाळीने जेवतात पण मिक्सर फिरत राहतो. कारण अर्ध्यावर थांबून वाळलेल्या काँक्रीटवर ओलं काँक्रीट ओतलं तर दिसायला एकजीव दिसतं, पण पुढे गळतं ते त्याच सांध्यात. मग लोखंड. ठोकून घडवलेल्या दांड्यात धातूचे तंतू वळणासोबत अखंड वळतात, म्हणून तो कापून काढलेल्या दांड्यापेक्षा जास्त भार सोसतो. पोरांचे डोळे चमकायचे. गणित, पाणी, सिमेंट, लोखंड, सगळं एका माळेत आलेलं त्यांना पहिल्यांदाच दिसायचं.

शेवटी तिची बझरची डबी. तिने स्वतः जोडलेली. डबीतून दोन वायरी निघतात, त्यांच्या टोकांना तांब्याच्या छोट्या नळ्या. एक नळी एकाच्या हातात, दुसरी दुसऱ्याच्या, आणि मधल्या सगळ्यांनी एकमेकांचे हात धरून गोल करायचा. वर्तुळ पुरं झालं की बझर वाजतो. कुणीही एकाने हात सोडला की गप्प. ती आधी सगळ्यांना हात ओले करायला लावायची, कारण कोरड्या कातडीतून वीज नीट जात नाही. स्वतः ती नेहमी त्या गोलात उभी राहायची. पोरं रंगात आली की मध्येच हात काढून घ्यायची आणि कुणी सोडला ते ओळखायला लावायची. प्रत्येक बॅच हसून हसून बेजार व्हायची.

या वर्षी कंपनीने ठरवलं की अभियंता दिनाला हा तास मोठ्या हॉलमध्ये, सगळ्या साहेब लोकांसमोर घ्यायचा. याच सुमाराला दुसरीही एक गोष्ट चालू होती, आणि माझ्या इन्स्ट्रक्टरसाठी तीच खरी होती. कंपनी दरवर्षी डिप्लोमावाल्यांपैकी काही जणांना संध्याकाळच्या डिग्री कोर्सला पाठवते. अट एकच, सेवा सलग हवी. तिला तो कोर्स करायचा होता. नुसता पगारासाठी नाही. आमच्या तासातलं गणित मी मांडायचे आणि बझर ती, आणि तिला गणितही मांडायचं होतं. माझ्याकडून पुस्तकं नेऊन ती घरी वाचायची, अडलं की सकाळी बसमधून उतरताच मला गाठायची. दर वेळी अट पुरी होत आली की ब्रेक पडायचा आणि मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायची. या खेपेला मी थेट प्लँटच्या मोठ्या साहेबांकडे गेले होते. ते म्हणाले होते, “मॅडम, या वेळी ब्रेक नाही. माझा शब्द.” मी येऊन तिला सांगितलं. ती डबीची वायर पुन्हा पुन्हा गुंडाळत बसली.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी सकाळी गेटवर तिचं कार्ड लागलं नाही.

मी पर्स टेबलावर टाकली आणि सरळ एचआरमध्ये गेले. तिथला मॅनेजर तरुण, नम्र, इस्त्रीचा शर्ट. त्याच्या नम्रपणानेच माझा पारा आणखी चढला.

“मॅडम, छोटासाच ब्रेक आहे हो. पुढच्या आठवड्यात येतीलच त्या.”

“साहेबांनी शब्द दिला होता.”

“साहेबांनाही कल्पना नसेल. सिस्टिम आपोआप टाकते. आपल्या हातात नाही.”

“मग कुणाच्या हातात आहे? तो हात दाखव मला.”

तो समजूतदारपणे हसला. “तसं बघायला गेलं तर विभागाचं काम थांबत नाही ना मॅडम? तेवढ्यापुरता दुसरा माणूस देतो मी.”

“आणि तिचं कोर्सचं नाव?”

“सेवा सलग नाही म्हटल्यावर यादीत कसं बसणार? पुढच्या वर्षी बघू.”

पुढच्या वर्षी! मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. मोठे साहेब पाहुण्यांना आणायला विमानतळावर गेले होते, त्यांचा फोन लागला तेव्हा ते म्हणाले, “उद्याचा कार्यक्रम होऊ दे, मग बसून बोलू.” नंतर बसून बोलणं म्हणजे काय असतं ते मला चांगलं माहीत आहे.

तिला फोन केला तर ती म्हणाली, “कळलं मला, मॅडम. गेटवरच्या दादानं सांगितलं. डबी कपाटात हाय, खालच्या कप्प्यात. सेल नवा टाकलाय. हात वलं करायला लावा बरं का, एसीत कातडी लई सुकती.”

“तू गप्प बस. मी उद्या त्यांना सोडणार नाही,” मी म्हणाले.

आणि खरंच सोडायचं नव्हतं. मी मनात सगळं आखलं होतं. गोल करताना तिची जागा मोकळी ठेवायची. बझर वाजणार नाही. हॉल शांत झाला की विचारायचं, का वाजत नाही? मग सांगायचं, इथे एक बाई उभी असते, तिला तुम्ही काल गेटवरून परत पाठवलंत, आणि तुम्ही मला सांतत्य शिकवायला उभं केलंय.

तास छान रंगला. पाण्याला टाळ्या, स्लॅबला टाळ्या. लोखंडाच्या तंतूंवर मोठ्या साहेबांनी मान डोलावली. मी ओल्या रुमालांचं ताट फिरवलं, आमच्या साहेब लोकांना स्टेजवर गोल उभं केलं आणि मीही त्यात उभी राहिले. एचआरचा मॅनेजरही होता. माझ्या डाव्या बाजूला मी एका माणसाची जागा सोडली. नळ्या दोघांच्या हातात दिल्या. बझर गप्प.

मी तोंड उघडलं.

“अरे, इथे गॅप आहे!” पलीकडून कुणीतरी ओरडलं. “सरका, सरका, हात धरा!”

आणि सगळा गोल हसत हसत अर्धा पाऊल आत सरकला. डाव्या बाजूच्या माणसाने माझा मोकळा हात धरला, एचआरचाच मॅनेजर होता तो, त्याचा हात गार आणि ओला होता. बझर कर्कश वाजला. खूप वेळ वाजत राहिला. टाळ्यांचा असा कडकडाट झाला की माझा आवाज मलाच ऐकू येईना. मी बोलत होते, चिडून, घसा ताणून, सगळं सांगत होते. पहिल्या रांगेतल्या पाहुण्यांना वाटलं मी आभार मानतेय. ते उभे राहून आणखी जोरात टाळ्या वाजवायला लागले. मग सूत्रसंचालकाने माइक घेतला आणि चहापानाची घोषणा केली.

संध्याकाळी परतीच्या बसमध्ये तिचा फोन आला.

“वाजला का, मॅडम?”

“वाजला.”

“म्हनलं हुतं ना, हात वलं केलं की वाजतोच.” मग तिने विचारलं, “माज्या जाग्यावर कोन हुतं?”

“कुणी नाही गं. बाकीचे सरकले.”

फोनवर तिच्या घरातल्या कुकरची शिट्टी ऐकू आली.

“व्हय,” ती म्हणाली. “सरकल्यावर कळतच न्हाई.”