सुनंदाच्या खात्यातला प्रोग्राम

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. अर्धं सांगितलंय – ज्यात माझी हुशारी दिसते तेवढं. उरलेलं आज तुम्हाला सांगतो.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. नागपूरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी संशोधन करत होतो. विभागात युनिक्सवर चालणारा एकच मोठा संगणक – आम्ही त्याला मशीन म्हणायचो – त्याला जोडलेले टर्मिनल, आणि सगळ्यांची त्यावर आपापली खाती. मशीनचा मुख्य पासवर्ड फक्त विभागप्रमुख सरांकडे. सगळ्यांसाठीच्या जागेत नवा प्रोग्राम बसवायचा तर तो त्यांनीच.

मला आलेख काढणारा एक प्रोग्राम हवा होता. पुण्याच्या मित्राने तो टेपवर दिला होता – तयार नव्हे, नुसता कोड; त्यातून प्रोग्राम मशीनवर बनवून घ्यायचा. सरांना विचारलं. ते म्हणाले, "बाहेरचं काही माझ्या मशीनवर बसणार नाही." विषय संपला.

पण तयार झालेला प्रोग्राम कुठे ठेवायचा, तो पत्ता कोडसोबतच्या एका फाइलमध्ये लिहिलेला असतो. तो खोडून तिथे आपल्याच खात्याचा पत्ता टाकायचा. त्याला लागणारे जोड-प्रोग्राम, म्हणजे लायब्रऱ्या, त्याही तिथेच तयार करायच्या. मग कोणाच्या परवानगीची गरज काय? मित्रांमध्ये मी हा किस्सा इतका रंगवून सांगितलाय! सगळे हसतात. मी इथेच थांबतो – नेहमी.

कारण ते खातं माझं नव्हतं.

मशीनच्या डिस्कवरची माझ्या वाट्याची जागा प्रबंधाने भरून गेली होती. विभागातल्या एका प्रकल्पावरच्या लोकांच्या खात्यांना मात्र मर्यादा नव्हती. सुनंदा रामटेके त्या प्रकल्पावर होती – तात्पुरती नोकरी, माझ्या शेजारचं टर्मिनल. मामेबहिणीच्या लग्नाला ती कुहीला निघाली, तेव्हा माझ्याकडे आली. "माझे प्रिंट तेवढे काढून ठेवा ना. सर मागून राहिले," म्हणाली, आणि पासवर्ड सांगितला. असा पासवर्ड देणं नियमात बसत नव्हतं. तिला ते माहीत होतं. माझ्यावर विश्वास होता, दुसरं काय?

प्रिंट मी काढले. आणि मग तिच्याच खात्यात माझा प्रोग्राम तयार केला. तो शनिवार होता. चाचणी सुरू केली आणि जेवायला घरी गेलो, तो त्या दिवशी परत आलोच नाही. प्रोग्राम कुठेतरी चुकला होता – थांबलाच नाही, फाइलमध्ये लिहीतच सुटला. सोमवारी आलो तर मशीनची डिस्क गच्च भरलेली. एका प्राध्यापकांचं कित्येक दिवस चाललेलं गणित अर्ध्यात तुटलेलं. ते व्हरांड्यात ओरडत होते.

सरांना ती फाइल सुनंदाच्या नावावर सापडली. त्यांनी मला बोलावलं. "ती तर गावाला आहे. मग हे काय?"

मी गप्प राहिलो असतो, तर ते नुसतं भित्रेपण ठरलं असतं. पण मी गप्प राहिलो नाही. मी म्हणालो, "जायच्या आधी तीच काहीतरी सुरू करून गेली असेल, सर. आजकाल ती नवीन नवीन करून पाहून राहिली होती."

एवढंच. कोण कधी लॉगिन झालं, याच्या नोंदी मशीनमध्ये होत्या. सरांनी पाहिल्या नाहीत. माझ्या शब्दावर त्यांचा लगेच विश्वास बसला, तिच्यावर बसला नाही – काहून, हे नागपुरात राहणाऱ्याला समजावून सांगावं लागतं का? तिचं नि माझं आडनाव ऐकलं की जात कळते, तेवढं पुरतं. आणि हे मला बोलण्याआधीच ठाऊक होतं.

ती परतली. सरांनी सगळ्यांदेखत विचारलं. "मी काहीच सुरू करून नाही गेली, सर." मग पासवर्ड कोणाला दिला होता? तिने माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "कोणालेच नाही."

बाहेर आल्यावर मला म्हणाली, "तुम्ही बोलाल असं वाटलं होतं मले." मी चष्मा पुसत उभा राहिलो.

महिनाअखेरीस सरांनी तिला कामावरून काढलं. त्यानंतर एका दुपारी तिचे वडील विभागात आले. मिलमधून निवृत्त झालेले, इस्त्रीचा पांढरा शर्ट. सर नव्हते. मीच खुर्ची दिली, चहा मागवला. ते म्हणाले, "पोरगी काही बोलत नाही. तिच्या हातून काय झालं, मले कोणी समजावून सांगन काय?"

आणि मी समजावून सांगितलं. डिस्क म्हणजे काय, ती भरते कशी, दुसऱ्याचं काम बुडतं कसं – सावकाश, सोपं करून, त्यांना कळेल असं. ते लक्ष देऊन ऐकत होते. शेवटी म्हणाले, "मुद्दाम नसन केलं तिनं."

"नाही काका," मी म्हणालो. "मुद्दाम नाही केलं तिनं."

त्यांनी माझे आभार मानले. कप स्वतः उचलून खिडकीत ठेवला आणि गेले.

सुनंदा पुढे शाळेत गणित शिकवू लागली, असं ऐकलं. मशीनवर ती पुन्हा कधी बसली का, ठाऊक नाही. प्रोग्राममधली चूक सुधारून काढलेल्या त्या आलेखांसकट माझा प्रबंध पूर्ण झाला, त्याच विभागात मला कायमची नोकरी लागली. माझं नाव तिने कुणालाच सांगितलं नाही. तिच्या वडिलांना मी जे समजावलं, त्यातला शब्दन्‌शब्द बरोबर होता. फक्त ते तिने केलेलं नव्हतं.