भैरोबाच्या रानातला धडा

माझे वडील पुण्यात एका छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे. छापून उरलेली पत्रकं ते घरी आणायचे आणि त्यांवरच मी वाचायला शिकले. बालविवाह, अस्पृश्यता, बुवाबाजी, देवापुढचे बळी, या सगळ्यांविरुद्धची वाक्यं मला शाळेत जाण्याआधीच पाठ होती. त्यामुळे ट्रेनिंग संपवून चाकणच्या पलीकडच्या एका गावी मी शिक्षिका म्हणून रुजू झाले, ती शिकवायला कमी आणि भांडायलाच जास्त.

शाळा मारुतीच्या देवळात भरायची. नव्या अभ्यासक्रमात निसर्ग निरीक्षण आलं होतं. मुलांना वर्गाबाहेर न्या, त्यांच्या हातांना काम द्या, असं त्यात लिहिलेलं होतं. प्रत्यक्षात दर पावसाळ्यात तालुक्याहून रोपं यायची, गेल्या वर्षीच्याच खड्ड्यांत लावली जायची, कुणीतरी साहेब झारीभर पाणी घालून जायचे आणि आठ दिवसांत शेळ्या सगळं फस्त करायच्या. मला हे नाटक करायचं नव्हतं.

गावाच्या वर, टेकडीच्या कुशीत भैरोबाचं रान होतं. आजूबाजूचे डोंगर बोडके, आणि मधे हा हिरवा गोळा. जांभूळ, बेहडा, करंज, उंबर, आणि माणसाच्या मांडीएवढ्या जाड वेली. तिथून कुणी वाळकी काटकीसुद्धा उचलत नसे. उचलली तर भैरोबा घरातल्या लेकराला धरतो, असं सगळा गाव मानायचा. त्याच भैरोबाचा दुसरा कायदा असा की बाईमाणसानं रानात पाऊल टाकायचं नाही, आणि ओढ्याकाठच्या वस्तीतल्या तर कुणीच नाही. ही वस्ती म्हणजे गावानं आपल्या विहिरीपासून लांब ठेवलेली घरं. अस्पृश्यता कायद्यानं गेली होती, विहिरीवरून गेली नव्हती. ती घरं रानाच्या पायथ्याशी निघणाऱ्या झऱ्यावर पाणी भरायची.

माझ्या वर्गात पाच मुली होत्या, त्यांतली एक या वस्तीतली; तिला देवळात बसवण्यासाठी मी भांडले होते. श्रावणातल्या एका शनिवारी मी सगळा वर्ग घेऊन रानाशी गेले. भैरोबाचा म्हातारा गुरव वाटेवर उभाच होता.

"बाई, पोरं न्या. पोरी ऱ्हाऊ द्या भायेर."

"का?"

"चाल हाय."

"कुणी पाडली ही चाल?"

"ते इचारायची चाल न्हाई," तो म्हणाला आणि बाजूला झाला. मला अडवणं त्याला जमलं नसतं, ते त्यालाही कळत होतं.

मुलं घाबरलेली होती. एकानं विचारलं, "बाई, भैरोबा आदी कुनाला धरंल?"

"मला. मी पुढे आहे."

"मंग सोमवारी आमाला सुट्टी," मागून कुणीतरी म्हणालं, आणि हसतहसत आम्ही सगळे आत शिरलो.

ती सकाळ मी आजही विसरू शकत नाही. मुलांनी हातांनी पाचोळा बाजूला केला. खालची माती काळी, ओली, चहाच्या चोथ्यासारखी. वास घेतला, किडे मोजले, पानं गोळा केली. ती पानं पुढे आम्ही माझ्याकडच्या जुन्या पत्रकांत दाबून वाळवली. बांबूच्या दोन पाट्या भरल्या, एकीत रानातली माती पाचोळ्यासकट, दुसरीत बाहेरच्या उघड्या टेकाडावरची. दोन्हींवर तांब्या-तांब्या पाणी ओतलं. टेकाडाच्या पाटीतून गढूळ पाणी लगेच खाली आलं. रानाच्या पाटीतून ते कितीतरी वेळानं, थेंबाथेंबानं आणि नितळ आलं. वस्तीतली ती मुलगी पाटीशी उकिडवी बसून बघत होती. "आमचा झरा," ती म्हणाली. मी काही सांगायच्या आधी तिला समजलं होतं. शिक्षकाला याहून मोठं काय मिळायचं?

एवढ्यावर मी थांबायला हवं होतं. पण मला देवाची भीतीही त्याच दिवशी मोडायची होती. मी सांगितलं, प्रत्येकानं एक वाळकी काटकी घरी न्यायची, चुलीत घालायची आणि सोमवारी काय झालं ते वर्गात सांगायचं.

सोमवारी मी विचारलं, "काय झालं?"

"भाकरी झाली," एक पोरगा म्हणाला. देऊळभर हशा पिकला. मी फळ्यावर 'प्रयोग' असा शब्द लिहिला.

भाद्रपदात वस्तीतली ती मुलगी तापानं फणफणली. एक दिवसाआड थंडी वाजून ताप, म्हणजे सरळसरळ हिवताप. मी चाकणच्या दवाखान्यातून क्विनाइन आणून दिलं, आणि ती दसऱ्याच्या आत वर्गात परत आली. वस्तीत कुजबुज झाली, पण गावात नाही. वस्तीच्या पोरीला भैरोबानं धरलं तर गावाला त्याचं काय? गावाच्या पोरांना तर काहीच झालं नव्हतं. गावानं माझ्या प्रयोगातून एवढंच घेतलं. आधी काटक्या गेल्या, मग मोळ्या, मग हिरव्या फांद्या. मी वर्गात ओरडले, घरोघर जाऊन सांगितलं. बाया म्हणायच्या, "तुमीच तर लावून दिलंत, बाई."

त्या दिवसांत पिंपरीकडे कारखान्यांची बांधकामं निघाली होती. नदीकाठी वीटभट्ट्या पेटत होत्या आणि त्यांना लाकूड पुरत नव्हतं. दिवाळीनंतर एक वखारवाला सरपंचाकडे येऊन बसला. सगळं रान तो उभंच घेणार होता, आणि त्या पैशातून शाळेला स्वतःची इमारत बांधायची, असं सरपंचानं जाहीर केलं. निर्णयासाठी चावडीवर सभा ठरली.

सभेच्या आदल्या दिवशी शाळा सुटल्यावर गुरव आला. देवळाच्या पायरीवर पटक्याचं टोक चाळवत बसला.

"बाई, त्या पोरीची आई उद्या सबंत बोलनार हाय. पोरीला देवानं धरलं हुतं म्हून. कबूल झालीया ती."

"तिला हिवताप झाला होता."

"आसंल. तुमी काय बी बोलू नका. व्हय बी न्हाई, न्हाई बी न्हाई. गप ऱ्हावा. गाव भितंय अजून, निस्तं इसरलंय."

"म्हणजे मी खोट्याला मान डोलवायची?"

"मान कशाला हलवताय? बसून ऱ्हायचं." मग तो म्हणाला, "झाडाला काय ठावं बाई, मानूस त्याला का तोडत न्हाई ते."

मी वह्या गोळा केल्या. घरी जाऊन पाट्यांच्या प्रयोगावर दोन पानांचं भाषण लिहिलं.

चावडीवर मी ते वाचून दाखवलं. माती, पाचोळा, झरा. लोक सभ्यपणे ऐकत होते. सरपंच म्हणाला, "पाटीभर पाल्यावर गावाचं पानी ठरतंय व्हय, बाई?" लोक हसले. झऱ्याचं पाणी गाव पीतच नव्हता, हे त्या हसण्यात होतं.

तेवढ्यात चावडीच्या खाली, अंगणात उभी असलेली त्या मुलीची आई बोलायला लागली. वर यायची तिला मुभा नव्हती. काटकी चुलीत घातली आणि पोर गेल्यात जमा झाली, असं तिनं सांगितलं. भैरोबा स्वप्नात आला होता. आता अख्खं रान तोडलं तर तो कुणाचं घर सोडील?

आणि खरंच, हसणं थांबलं. दोन म्हातारे एकमेकांकडे बघायला लागले. एकानं पागोटं काढून मांडीवर ठेवलं. वखारवाला सरपंचाच्या कानाशी लागला. सरपंच माझ्याकडे वळला.

"बाई, तुमीच औषिद दिलंवतं पोरीला. काय झालंवतं तिला? तुमी सांगा, तुमचं मी मानंन."

गुरव माझ्याकडे बघत नव्हता, खाली बघत होता. ती बाई मात्र माझ्याकडेच बघत होती. माझ्या मनात तेव्हा काय होतं ते प्रामाणिकपणे लिहायचं तर असं आहे. आज या भीतीला मी हो म्हटलं, तर उद्या याच भीतीनं मुलींना पुन्हा रानाबाहेर काढतील, वस्तीला आणखी लांब लोटतील. हा विचार खरा होता, आजही खराच वाटतो. पण त्याच्या खाली दुसरंही काही होतं. चारचौघांत मला खरं विचारलं गेलं होतं आणि ते मला येत होतं. वर्गात हुशार मुलीचा हात वर जातो, तसं झालं.

"हिवताप," मी म्हणाले. "डासांनी होतो. देवाचा काही संबंध नाही."

म्हाताऱ्यानं पागोटं पुन्हा डोक्यावर ठेवलं.

पौषात कुऱ्हाडी लागल्या आणि माघ संपायच्या आत टेकडी मोकळी झाली. भैरोबाचा शेंदरी दगड उन्हात उघडा राहिला. कुणाच्याही लेकराला काही झालं नाही. चैत्रात झऱ्याची धार करंगळीएवढी झाली, आणि वैशाखात फक्त चिखल. शाळेच्या इमारतीचा पाया घातला गेला. शाळा तपासणीच्या साहेबांनी भेट दिली आणि माझ्या निसर्ग निरीक्षणाच्या वह्यांवर चांगला शेरा मारला.

ती मुलगी शाळेत यायची थांबली. आठवडाभर वाट पाहून मी वस्तीत गेले. दारात तिची आई धान्य निवडत बसली होती. ती माझ्यावर चिडेल, अशी मी तयारी करून गेले होते. ती चिडली नाही.

"पोरगी नदीवर गेलीया, पान्याला," ती म्हणाली. "दोन खेपा व्हत्यात सकाळच्या. आल्यावर उन्हानं पडूनच ऱ्हाती. बसा की."

"शाळेचं काय?"

"आता कसली शाळा, बाई." मग आवाज जरा खाली आणून म्हणाली, "तुमी खरंच बोललात. हिवतापच व्हता, मला बी ठाव व्हतं."

ती आत गेली आणि पाण्याचा तांब्या घेऊन आली. माझ्यापुढे धरला. ते पाणी कुणी, किती लांबून डोक्यावर आणलंय ते मला माहीत होतं, आणि मला ते नको होतं. पण त्या घरचा तांब्या मी नाकारला, तर त्याचा अर्थ तिच्यासाठी एकच होता, आणि माझ्या वडिलांची सगळी पत्रकं त्या एका अर्थाविरुद्ध होती. मी तांब्या घेतला आणि वरून न ओतता, तोंड लावून प्याले. ती माझ्या घशाकडे बघत होती. अर्धा तांब्या उरला तेव्हा मी थांबले. तो मी तिला परत दिला, आणि तिनं तो सांडू न देता पुन्हा माठात ओतला.