पायताण यांच्या आक्षेपांना कार्यालयाचे उत्तर

रस्ते विभागात नकाशे काढणारी बाई एकोणीस वर्षांत ऑफिसात मोठ्याने बोलली असेल तर एकदाच, तेही खिडकीतून कबूतर आत आलं तेव्हा. एरवी साहेबांनी कागद दिला की मान खाली घालून रेघा मारायच्या. पूल म्हटलं की पूल, गटार म्हटलं की गटार. गटाराचा उतार उलट्या बाजूला जातोय हे तिला दिसायचं, पण नकाशा काढणारीला मत विचारायची त्या विभागात पद्धत नव्हती.

मत नव्हतं असं नाही, ते साठत होतं. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडून ती फोनवर शहर-वाहतुकीच्या गटात शिरली की तिचं नाव व्हायचं 'पायताण', आणि मग ती कोणाच्या बापाला ऐकायची नाही.

तो गट म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांचं संमेलन. एकाला प्रत्येक चौकात उड्डाणपूल हवा. त्याने स्वतःचं नावच 'उड्डाणसम्राट' ठेवलेलं. दुसरा म्हणे, पाच वर्षांत मोटारी हवेत उडणार, मग रस्ते दुरुस्त करायचेच कशाला? तिसरा विजेच्या बसच्या बॅटरीवर रोज लांबलचक लिही, आणि बसमध्ये शेवटचे कधी बसला होतात, असं विचारलं की दिवसभर गायब होई. पायताण सगळ्यांना पुरून उरायची. "आपण खड्ड्याची खोली दिलीत, रुंदी दिली नाहीत. खड्डा पाहिलात की स्वप्नात आला?" असलं काही लिहून ती शांतपणे डबा धुवायला जायची.

तिला यात भारी मजा यायची, खोटं कशाला बोला. ती मजा एका सोमवारी संपली. साहेबांनी तिच्या टेबलावर पादचारी पुलाचं काम टाकलं. हमरस्त्यावर लोखंडी पूल, चढायला अठ्ठावन्न पायऱ्या, उतरायला अठ्ठावन्न, आणि लोकांनी खालून जाऊ नये म्हणून दुभाजकावर उंच कठडा. जागा नेमकी तिच्या घरासमोरची.

घरात तिची आई. रस्त्यापलीकडे मावशी. मावशी पडल्यापासून अंथरुणाला खिळलेली. आईचे गुडघे कामातून गेलेले, तरी रोज चार वाजता ती हात वर करून, मोटारींना दटावत, दुभाजकाच्या फटीतून बहिणीकडे जायची. अठ्ठावन्न पायऱ्या या जन्मात तिच्याच्याने होणार नव्हत्या. पूल झाला की समोरासमोर राहणाऱ्या दोन बहिणींची भेट बंद. बाईने तो पूल स्वतःच्या हाताने काढला, एकेक पायरी करत. शेवटच्या पायऱ्या काढताना तिला रडू आलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी पायताणने तोफ डागली. कोणाकडे नसलेले आकडे तिच्याकडे होते, त्यामुळे समोरचे गडबडले. "साहेबांनी आधी स्वतःच्या आईला रोज एकदा इतक्या पायऱ्या चढवून दाखवावं, मग खुशाल बांधावा," असं तिने लिहिलं. उड्डाणसम्राटाने उत्तर दिलं, "म्हाताऱ्यांनी घरी बसावं. शहर कोणासाठी थांबत नाही." झालं, गटाचे दोन तट पडले. आठवडाभरात भांडण इतकं वाढलं की एका नगरसेविकेने सगळे आक्षेप छापून ऑफिसात पाठवले आणि एकेकाचं लेखी उत्तर मागितलं.

"हे पायताण कोण आहे?" साहेब हॉलच्या मधोमध उभे राहून गरजले. सगळ्यांच्या माना फायलीत गेल्या. "कोणी का असेना! बाई, तुमची भाषा बरी आहे. उत्तरं तुम्ही लिहा."

चोराच्याच हाती जामदारखान्याच्या किल्ल्या.

मग सुरू झाली गंमत. सकाळी अकराला ती ऑफिसातर्फे उत्तर लिहून गटावर टाकायची, 'आक्षेप क्रमांक तीन तांत्रिकदृष्ट्या बिनबुडाचा आहे.' दीड वाजता त्याच उत्तरावर पायताण तुटून पडायची. एकदा पायताणने लिहिलं, "उत्तर लिहिणाऱ्याला रस्ता नीट माहीत आहे, नाही फक्त हिंमत." पाठवलं आणि तिचं तिलाच लागलं. त्या दिवशी डबा तसाच घरी गेला.

अकरावा आक्षेप साधा होता: पुलाऐवजी पट्टे मारून सिग्नल बसवला तर काय बिघडेल? दोन दिवस ती त्या रिकाम्या रकान्यासमोर बसली. खोटं लिहिण्याजोगंही काही सापडेना. शेवटी तिने गटावर न टाकता सरळ सहीच्या गठ्ठ्यात लिहिलं, 'आक्षेप मान्य. पूल रद्द करून सिग्नल बसवावा. नकाशा सोबत जोडला आहे.'

नकाशा काढायचा तर हिरव्या दिव्याचे सेकंद हवेत. रस्त्याची रुंदी बावीस मीटर, म्हणजे पुस्तकाप्रमाणे चालणाऱ्याला अठरा सेकंद पुरे. बाईने घराबाहेरच्या भिंतीलगत बावीस मीटर मोजले आणि घड्याळ धरून आईच्या मागे चालत गेली. अठ्ठावीस सेकंद झाले. वाटेत आई एकदा दम घ्यायला थांबते, त्याचे तीन वर. तिने नकाशात एकतीस लिहिले.

साहेबांची सही करायची तऱ्हा अख्ख्या ऑफिसला पाठ होती. गठ्ठ्याचा फक्त कोपरा उचलायचा, सही ठोकायची, बोलणं फोनवर चालूच. अकराव्या पानावरही सही पडली. गठ्ठा उचलताना बाईकडून दोन कागद खाली सांडले.

महापालिकेच्या सभेत नगरसेविकेने अकरावं उत्तर मोठ्याने वाचलं. साहेब आधी पांढरे पडले, मग लाल झाले. न वाचता सही केली म्हणावं तर नोकरीवर गदा, आणि वाचून केली म्हणावं तर पूल गेला. त्यांनी घसा खाकरला. "हो. हे माझं पूर्ण विचारांती झालेलं मत आहे." टाळ्या पडल्या. टाळ्यांची त्यांना सवय नव्हती. ते आणखी दहा मिनिटं बोलले.

परत आल्यावर त्यांनी तिला बोलावलं. "बाई, तो अकरावा आक्षेप..."

"सही तुमचीच आहे, साहेब."

"ते दिसतंय मला." त्यांनी नकाशा पुन्हा उलगडला. "नकाशा चांगला काढलाय."

तीन महिन्यांनी सिग्नल लागला आणि गटावर नुसता शिमगा उसळला. एकतीस सेकंद! गाड्या खोळंबल्या, शहराचं वाटोळं झालं. एका शनिवारी चार वाजता बाई आईबरोबर पलीकडे गेली. हॉर्न वाजत होते, आई मात्र मधोमध थांबून दम घेऊन मग चालू लागली. मावशी पलंगावर उशीला टेकून फोन वाचत होती. दिवसभर पडून असल्याने तिला गटातलं सगळं तोंडपाठ.

"हा उड्डाणसम्राट बघ काय लिहितो," मावशी म्हणाली. "'कुठल्या गोगलगाईला चालवून हे एकतीस सेकंद ठरवले, ते कार्यालयाने जाहीर करावं.'"

आई पोट धरून हसली. डोळे पुसत बहिणीशेजारी पलंगावर बसली, गुडघे चोळू लागली.

बाईला हसता येईना. मावशीने तिच्याकडे पाहिलं, मग आईच्या गुडघ्यांकडे, आणि फोन उपडा ठेवून दिला.

"असेल कोणीतरी म्हातारी," आई म्हणाली. "पण पोचते ना गं पलीकडे?"

"पोचते," बाई म्हणाली.