अनवाणी पायांचा भूगोल

मुकुंदवाडी स्टेशनजवळ रुळांना लागून एक शाळा आहे. इमारत मुळात शाळेसाठी बांधलेली नव्हे. कधी काळी ती एका सरकीच्या व्यापाऱ्याची वखार होती. व्यापाऱ्याला थाटाची हौस, पण हात आखडता. म्हणून त्याने उघड्या ओट्याला शहाबादी फरशी घातली, उंबरा इथल्याच काळ्या दगडाचा बसवला आणि येणाऱ्याच्या नजरेत भरावी म्हणून पुढची एक पायरी तेवढी संगमरवरी केली. पुढे वखार गेली, शाळा आली. मुलं त्या पायरीवर बसून डबे खाऊ लागली. फहमिदा बाई भूगोल शिकवायला येईपर्यंत या दगडांकडे कुणी निरखून पाहिलं नव्हतं.

फहमिदा बाईंच्या घरात दगडाचं वेड कुणालाच नाही. वडिलांचं बांगड्यांचं दुकान होतं. धाकटा भाऊ ओवैस टाइल्स विकतो. बाईंना हे वेड लागलं ते कॉलेजच्या सहलीत, दौलताबादला. मैत्रिणी फोटोसाठी वर धावल्या आणि ही मुलगी खंदकाशीच थांबली. समोर तासून काढलेला सरळसोट कडा. गाइड राजांची नावं सांगत होता. तिच्या मनात आलं, राजाच्या आधी हा दगड काय होता? उत्तर पुस्तकात मिळालं: हा दगड कधी काळी पातळ होता, तापलेला, वाहता. जमिनीच्या भेगांतून लाव्हा आला, पसरला, निवला, आणि त्यावर पुन्हा दुसरा थर आला. ते वाचल्यापासून बाईंना आपल्या गावाच्या जमिनीवर चालताना जरा जपून पाय टाकावासा वाटे.

पण नोकरीच्या पहिल्याच वर्षी बाई अडल्या. सहावीच्या पुस्तकात खडकांचे तीन प्रकार. लाव्हा निवून झालेला अग्निज, गाळ साचून झालेला स्तरित, आणि दाब व उष्णता सोसून बदललेला रूपांतरित. बाईंनी मुलांना घरून एकेक दगड आणायला सांगितला. दुसऱ्या दिवशी टेबल भरलं. कुणी वैजापूरच्या आजोळहून आणलेला, कुणी विहिरीवरचा, कुणी रुळाकडेची खडी. सगळे काळे! एका आईची लेकरं असावीत तसे. मराठवाड्यात दुसरं मिळणार तरी काय? एकाने विटेचा तुकडा आणला होता, तेवढाच काय तो बदल.

मधल्या सुट्टीत हिरमुसल्या बाई चपला काढून ओट्यावर टेकल्या. ऊन रणरणत होतं. एक पाय उंबऱ्याला लागला आणि चटका बसला. दुसरा शहाबादीवर होता, तो कोमट. खालच्या पायरीवर पाय सोडला तर तिथे गारवा. बाई ताडकन उठल्या. तिन्ही प्रकार तर पायाखालीच होते.

तेव्हापासून दर वर्षी, ऊन तापू लागलं की, बाईंचा तो तास भरतो. सहावीची मुलं बूट-मोजे काढून रांगेत उभी राहतात.

"डोळे मिटा. पायाला विचारा," बाई म्हणतात.

"आई गं! भाजलं!"

"हा अग्निज. आगीतून आलाय, विसरला नाही अजून."

"मॅडम, काहीतरी सांगता. काळाय म्हणून तापतोय!" एखादा हुशार ओरडतो. बाईंना तेच हवं असतं.

मग शहाबादी. समुद्राच्या तळाशी चुन्याचा गाळ थरावर थर बसत गेला, त्याचा खडक झाला. मग संगमरवर. तसाच चुनखडक जमिनीच्या पोटात खोल दाबला गेला, शिजला, आणि त्याचं रूप पालटलं. इथपर्यंत मुलांचे डोळे चमकत असतात. पण पुढे बाई म्हणत की हे दगड पुन्हा झिजतात, त्यांचा पुन्हा गाळ होतो आणि चक्र चालू राहतं, तेव्हा वर्ग थंडावे. यंदा सायली नावाच्या मुलीने तोंडावरच सांगितलं, "दगड कुठं झिजतो का बाई? आमच्या पप्पांची पहार वाकली, पर दगड नाय हालला." झिजताना दाखवावा असा दगड बाईंकडे नव्हता. दर वर्षी तास इथेच लंगडा पडे.

त्यातच संस्थेच्या अध्यक्षांचा निरोप आला. अध्यक्ष आप्पासाहेब वैजापूरचे, कांद्याचे व्यापारी, शाळेवर जीव असलेले. उन्हाळ्याच्या सुट्टीत ओटा, पायरी, उंबरा सगळं फोडून टाइल्स बसवायच्या, असं त्यांच्या मनात होतं. सोमवारी ते स्वतः बघून पक्कं करणार होते.

बाईंनी फोन केला. "आप्पासाहेब, ते दगड म्हणजे माझा वर्ग आहे."

"मॅडम, दगडच दाखवायचे तर पोरं वेरूळला न्या की! बसचं मी बघतो."

"तिथं दगडाची एकच जात आहे, आप्पासाहेब, काळी. माझ्या दारात तीन आहेत."

"बघू सोमवारी," एवढंच ते म्हणाले.

घरी ओवैस हसून लोळला. "आपा, सारे शहर को मैं टाइल बेचता हूँ, और मेरी सगी बहन शहाबादी के लिए रो रही है! बाजार में मुँह दिखाने के काबिल नहीं छोड़ा."

"हँस ले," बाई म्हणाल्या. जेवण मात्र त्यांना गेलं नाही.

ही चिंता शाळेचे शिपाई सखाराम यांनाही लागली होती. पायरी चकचकीत दिसली तर साहेबांचं मन फिरेल, असा त्यांनी हिशेब केला आणि रविवारी शाळेत येऊन संडास धुवायचं ॲसिड पायरीवर ओतलं. पायरी फसफसली. सखारामांना आनंद झाला. फेस येतोय म्हणजे मळ निघतोय! आणखी ओतलं, खराट्याने घासलं, पाणी मारलं. वाळल्यावर बघतात तो पायरीची सगळी झिलई गेलेली. अर्धी पायरी खरखरीत, पांढरीफटक, मधूनच ओघळासारखे चरे पडलेले.

सोमवारी सकाळी बाई आल्या तेव्हा सखाराम फाटकातच उभे होते.

"बाई, लई घासलं वो. चांगलं व्हावं म्हून केलं, पर उलटंच झालं. काय बोलायचं ते बोला."

बाईंनी पायरी पाहिली. संताप उसळला. पण सखारामांच्या सोललेल्या बोटांकडे लक्ष गेलं. "आधी हाताला खोबरेल लावा, सखारामभाऊ," एवढंच त्या म्हणाल्या.

तोवर सहावीची मुलं जमली होती. सवयीने सायलीने चप्पल काढून पायरीवर पाय ठेवला आणि चमकून मागे घेतला. पुन्हा ठेवला. मग ती खाली बसून चऱ्यांवरून बोट फिरवू लागली.

"बाई! हा झिजला! दगड झिजला!"

बाई जागच्या जागी थबकल्या. इतकी वर्षं चक्राचा जो तुकडा हाती लागत नव्हता, तो सखारामांनी खराट्याने घासून समोर ठेवला होता.

बाईंनी मुलांना लांब उभं केलं, प्रयोगशाळेतून सौम्य ॲसिड आणि ड्रॉपर मागवला. शहाबादीवर थेंब टाकला, फस्स! काळ्या उंबऱ्यावर टाकला, काहीच नाही. मुलं गलका करत असतानाच मागून आवाज आला.

"पायरीचं वाटोळं केलं की हो!" आप्पासाहेब आले होते.

सखाराम पुढे झाले. "साहेब, चूक माझी हाय."

"चूक आहेच," बाई म्हणाल्या, "पण बघा ना आप्पासाहेब. पावसाचं पाणीही किंचित आंबट असतं. ॲसिडनं घटकाभरात केलं ते पाऊस युगानुयुगं करतो. हा विरघळलेला चुना नदीनं समुद्रात जातो, शिंपल्यांत शिरतो, तळाशी साचतो. त्याचा चुनखडक. तो दबला, तापला की पुन्हा संगमरवर."

आप्पासाहेबांनी उंबऱ्याकडे बोट केलं. "अन् आमचा हा काळा? ह्याला तर काहीच होत नाही."

"होतं, सावकाश. तुमच्या वैजापूरच्या रानातली काळी माती कुठून आली? हाच दगड झिजून."

आप्पासाहेबांनी बूट काढले, मोजे काढले, आणि सगळ्या वर्गादेखत उंबऱ्यावर उभे राहिले. "च्यायला," ते हळूच म्हणाले, "म्हणजे आम्ही ह्याच्यावरच कांदा पिकवतो."

तरी हट्टाला ते पक्के. "टाइल्स बसणार, मॅडम. फरशा हलतात, लेकरं ठेचकाळतात. पण ह्यातला एकही दगड फाटकाबाहेर जाणार नाही. कुठं ठेवायचे, ते तुम्ही सांगा."

बाईंनी अंगणाकडे पाहिलं. "गोल," त्या म्हणाल्या.

मे महिन्यात ओवैसची माणसं आली. एरवी घणाने फोडणारे ते हात, फरशी न फुटू देता पहारीने उचलत होते. ओवैस स्वतः उन्हात उभा होता. "सँभाल के रे! आपा का मायका है ये!"

आता अंगणात तो गोल आहे. आधी काळा उंबरा. पुढे रेती आणि काळ्या मातीचा वाफा, गोलाच्या मधून पायरीपर्यंत पसरलेला. मग शहाबादी, मग संगमरवरी पायरी. पायरी आणि उंबरा यांच्यामध्ये बाईंनी मोकळी जागा सोडली आहे. इथे दगड वितळून पुन्हा लाव्हा होतो, पण वितळलेला दगड कुठून आणणार? तिथे मुलं उडी मारतात आणि उंबऱ्यावर उतरतात.

उद्घाटनाला आप्पासाहेबांनी नारळ आणला होता. सखाराम "चपला काढा, चपला!" करत गोलाभोवती फिरत होते. पायरीची झिजलेली बाजू मुद्दाम वाफ्याकडे केलेली. सायली, आता सातवीतली, पायरीवर उभी राहून उडी मारायच्या बेतात होती. तिने खाली चऱ्यांकडे पाहिलं, आणि उडी न मारता वळून सरळ मातीत उतरली.

"बाई, झिजून इकडूनपण जाता येतं की!"

"येतं," फहमिदा बाई म्हणाल्या, आणि पदर खोचून तिच्या मागोमाग मातीत उतरल्या.