चूळ भरून दिलेला नमुना

क्षयाच्या तपासणीला आलेली डबी उजेडात धरली, तर आत पुन्हा नुसती लाळ, पाण्यासारखी. मशीनला जंतूंचा डीएनए सापडायचा तर छातीतला बेडका लागतो. हे दिवसभर सांगून माझाच घसा बसतो.

‘मावशी, खाकरून काढलेला बेडका पाहिजे,’ मी लॅबच्या खिडकीतून म्हणालो.

‘तसली घाण तुमच्या हातात कशी द्यायची, दादा? चूळ भरून चांगलं स्वच्छ दिलंय.’

चिडायचंही त्राण नव्हतं. आपण सगळे असंच करतो, कुणी विचारलं की वरवरचं, धुतलेलं काढून देतो. घरी बायकोने ‘दमलात का?’ विचारलं की मीही ‘छे’ म्हणतो.

मी दिलेली नवी डबी घेऊन मावशी बाहेर गेल्या, कडुनिंबाखाली पाठमोऱ्या उभ्या राहून खूप वेळ खोकल्या. परत आल्या तेव्हा डोळ्यांत पाणी होतं. डबी पदराने पुसून, नजर चुकवत त्यांनी पुढे केली.

‘माफ करा हं,’ म्हणाल्या.

दोनेक तासांनी पडद्यावर निकाल आला. क्षयाचे जंतू सापडले होते.

कंटाळून पहिलीच डबी लावून टाकली असती, तर बहुधा काहीच सापडलं नसतं आणि मावशी माझे आभार मानून घरी गेल्या असत्या.