कोसमटोल्याची तांब्याची लाइन

तेंदूपानाच्या लिलावात ठेकेदार कितीही वाकडं बोलला तरी बुधरी नरोटेचा आवाज कधी चढला नाही. तो चढला गडचिरोलीला, टेलिफोनच्या ऑफिसात.

बुधरी कोसमटोल्याच्या ग्रामसभेची सचिव. गाव जंगलात आत. मोबाईलला रेंज हवी तर डोंगर चढावा लागतो. इंटरनेट येतं ते जमिनीखालच्या जुन्या तांब्याच्या तारेवरून. ते संथ असतं, पण तेंदूपानाची निविदा त्यावरूनच निघते आणि गावाचा माल कुठल्या दलालाच्या तोंडाकडे न पाहता विकला जातो.

मागच्या पावसाळ्यात ती तार तुटली. बुधरी लाइनमन श्रावणभाऊंना जिथे भेटतील तिथे विचारायची. ते मान खाली घालून म्हणायचे, "वरून सामानच देत नाईत, बाई. मी काय करू?" लोक कंटाळले. शाळेनं कनेक्शन सोडलं, किराणावाल्या गुणवंतरावांनी सोडलं, इतरांनीही सोडलं. दिवाळीनंतर तार कशीबशी जोडली गेली, तेव्हा गावात एकट्या ग्रामसभेचं कनेक्शन उरलं होतं. मग निरोप आला, तांब्याची लाइन परवडत नाही, बंद करतोय.

बुधरी बसनं गडचिरोलीला गेली. साहेबांनी खुर्ची दिली, चहा मागवला.

"एका गिऱ्हाइकासाठी एक्स्चेंज कसं चालवायचं, तुम्हीच सांगा. पुढेमागे फायबर येईलच."

"पुढेमागे म्हंजे कवा?"

साहेब कागद चाळू लागले.

"गिऱ्हाईक आमी नाई तोडले, साहेब," बुधरीचा आवाज बाहेरच्या व्हरांड्यापर्यंत गेला. "तार पावसाळाभर तुटून पडली होती, बिल मात्र येत राह्यलं. दुकानाले कुलूप लावता, अन् मंग विचारता, कोनी येत काऊन नाई? तुमाले नाई परवडत तं आमच्या ग्रामसभेले चालवाले द्या."

"तसं नियमात बसत नाही, बाई."

चहा तसाच ठेवून ती उठली.

मोहफुलांच्या दिवसांत गावात ट्रक आला. तार खणून भंगारात न्यायची होती. चालवायला न परवडणाऱ्या तांब्याला विकायला चांगला भाव होता. ते ऐकून बुधरीचं डोकं सणकलं. तिनं हाक दिली तशा बाया टोपल्या खाली ठेवून रस्त्यात येऊन बसल्या.

"हे रान ग्रामसभेच्या हक्काचं आहे," ती ट्रकवाल्या ठेकेदाराला म्हणाली. "इथी खोदाचं तं आमाले विचारा लागते. फिरवा गाडी."

ठेकेदारानं डोंगर चढून दोन-तीन फोन केले आणि संध्याकाळच्या आत ट्रक फिरवला.

पुढच्या महिन्यात ऑफिसनं कळवलं, गावात दहा कनेक्शनं झाली तर फायबर येईपर्यंत लाइन चालू ठेवू. बुधरी घरोघर फिरली. शाळा परत आली, गुणवंतराव कुरकुरत का होईना परत आले, आणि दहा भरली. श्रावणभाऊंना सामान मिळालं. पुढल्या हंगामाची निविदा त्याच लाइनीवरून निघाली.

त्यानंतर साहेबांचा फोन आला. "पाहिलंत ना बाई, मनावर घेतलं की परवडतं."

"हेच मी तुमाले सांगाले आली होती, साहेब," बुधरी म्हणाली आणि त्यांचं पुढचं न ऐकताच तिनं फोन ठेवून दिला.